काउंटरवेटचा प्रोपेलर आणि वरचा स्पिनर: डोम आज कापू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालाडच्या एका गाळ्यात दोन आसनी, धातूचं विमान आकार घेतंय. इंजिन लायकोमिंगचं, १८० अश्वशक्तीचं. आधी फिक्स पिच (पात्याचा कोन कायमचा ठरलेला) प्रोपेलर ठरला होता, पण पुढेमागे लूप-रोल करायचे म्हणून एक वापरलेला, काउंटरवेटवाला कॉन्स्टंट स्पीड (पात्याचा कोन बदलून आरपीएम कायम राखणारा) प्रोपेलर घेतला. गव्हर्नर, म्हणजे तेलाच्या दाबाने पात्याचा कोन सांभाळणारं यंत्र, हाताशी आहे, तो एका साध्या कॉन्स्टंट स्पीड विमानावरून उतरवलेला. शिवाय १३ इंची फायबरग्लासचा स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी; तिचा घुमट तो डोम. विचारणा अशी की हा गव्हर्नर चालेल का, आणि पात्यांसाठी डोम कुठे कापायचा?

गव्हर्नर आहे तसा चालणार नाही. आणि डोमला आज करवत लावू नका. का ते सांगतो. हे काम मी बरीच वर्षं केलंय आणि एक डोम स्वतःच्या हाताने वाया घालवलाय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. लायकोमिंगच्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टवरही काउंटरवेट असतात. ते क्रँकशाफ्टची पिळवटणारी थरथर शोषून घेतात, पात्याशी त्यांचा काही संबंध नाही. विकणारा फोनवर 'काउंटरवेटेड' म्हणाला तर इंजिनाबद्दल बोलतोय की प्रोपेलरबद्दल, हे विचारून घ्या. प्रोपेलरचे काउंटरवेट पात्याच्या बुंध्याला, हबच्या (पाती बसतात त्या मधल्या भागाच्या) लगत घट्ट धरलेले असतात आणि पातं वळलं की त्याच्याबरोबर वळतात.

आता ते करतात काय? साध्या कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलरमध्ये फिरणारं पातं स्वतःच्याच केंद्रोत्सारी पिळामुळे फाइन पिचकडे, म्हणजे चपटं व्हायला बघतं. त्याला कोर्सकडे, म्हणजे जास्त कोनाकडे, ढकलायचं काम तेलाच्या दाबाचं. तेल गेलं तर पातं फाइनला जातं आणि इंजिन सुसाट सुटतं. काउंटरवेटवाल्यात नेमकं उलटं. फिरताना ती वजनं प्रोपेलरच्या फिरण्याच्या प्रतलात यायला धडपडतात आणि त्या नादात पात्याला कोर्सकडे वळवतात. इथे तेलाचं काम पातं फाइनला आणायचं. तेल गेलं तर पातं कोर्सला जाऊन बसतं आणि आरपीएम खाली येतो.

एरोबॅटिक विमानांना हेच हवं असतं. विमान उलटं झालं किंवा शून्य-जीमधून गेलं की संपमधलं (इंजिनाच्या तळटाकीतलं) तेल पिकअपपासून (शोषनळीपासून) दूर पळतं. इन्व्हर्टेड ऑइल सिस्टिम बसवली तरी झडप पलटेपर्यंत क्षणभर दाब पडतोच. त्या क्षणी २७०० ची लाल रेघ ओलांडण्यापेक्षा इंजिन जरा दबलेलं बरं. तुम्ही खरंच लूप-रोल करणार असाल तर निवड योग्य आहे. नुसतं आडवं, सरळ उडायचं असेल तर मात्र नाकावर जास्तीचं वजन आणि स्पिनरची डोकेदुखी फुकट घेतलीत असं मी म्हणेन.

गव्हर्नरकडे वळू. गव्हर्नर म्हणजे छोटा गिअर पंप आणि फिरत्या वजनांवर चालणारी एक झडप. इंजिनाचं ६०-९० पीएसआयचं तेल घेऊन तो ते ३०० पीएसआयच्या आसपास नेतो आणि गरजेप्रमाणे हबमध्ये सोडतो किंवा तिथून परत घेतो. साध्या प्रोपेलरचा गव्हर्नर आरपीएम वाढला की तेल आत सोडतो. तुमच्या प्रोपेलरला त्याच वेळी तेल बाहेर काढणारा हवा. चुकीचा लावला तर काय होतं बघा. आरपीएम जरा वाढला, गव्हर्नरने तेल आत सोडलं, पातं फाइन झालं, आरपीएम आणखी वाढला, त्याने आणखी तेल सोडलं. उलट दिशेनेही तसंच: इंजिन जरा मंदावलं की तेल बाहेर, पातं कोर्स, इंजिन आणखी मंद. सावरायचं सोडून तो बिघडवतच जातो. बाहेरून दोन्ही गव्हर्नर जुळे भाऊ दिसतात आणि एकाच पॅडवर बसतात, म्हणून पाटीवरचा मॉडेल नंबर प्रोपेलरच्या कागदांशी ताडून बघा. काही गव्हर्नर आतले भाग बदलून उलट करता येतात, पण ते काम टेस्ट बेंच असलेल्या, त्या कामाची मान्यता असलेल्या शॉपचं. गाळ्यात उघडायचा नाही.

तुम्ही आधी फिक्स पिच ठरवलं होतंत, म्हणून आणखी एक. इंजिनाचा पूर्ण मॉडेल नंबर बघा. ओ-३६०-ए४ए सारख्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट भरीव असतो, त्यातून हबपर्यंत तेल जाऊच शकत नाही. तसं असेल तर ही चर्चा इथेच संपली. पोकळ असेल तर क्रँकशाफ्टच्या नळीत दोन बुचं येतात. फिक्स पिचसाठी पुढचं बूच बसवतात आणि मागच्याला भोक पाडलेलं असतं, म्हणजे पुढच्या बुचामागे दाब साठत नाही. कॉन्स्टंट स्पीडसाठी पुढचं काढायचं आणि मागचं बिनभोकाचं हवं. मागचं भोक तसंच राहिलं तर गव्हर्नर कितीही तेल पाठवो, ते क्रँककेसमध्ये गळत राहतं, दाब तयारच होत नाही, आणि माणूस चांगल्या गव्हर्नरला दोष देत बसतो. फ्लॅशलाइट घेऊन आत बघायला दोन मिनिटं लागतात.

वापरलेला प्रोपेलर आहे, तर लॉगबुक मागा: शेवटचा ओव्हरहॉल कधी झाला, किती तास झाले, पाती किती वेळा घासली. ओव्हरहॉलची मुदत तासांत असते तशी वर्षांतही असते. दहा वर्षं पेटीत पडून असलेला प्रोपेलर 'शून्य तास' म्हणून विकला जातो, पण आतले सील म्हातारे झालेले असतात. आणि त्या इंजिनाला तो हब आणि ती पाती चालतात असं निर्मात्याच्या लेखी यादीत आहे का, ते बघा. १८० अश्वशक्तीच्या लायकोमिंगवर हार्टझेलच्या दोन पात्यांच्या एका प्रसिद्ध जोडीला २००० ते २२५० आरपीएममध्ये सतत चालवायची बंदी आहे. कारण त्या पट्ट्यात पात्यात कंपनाचा ताण साठतो. पिस्टन किंवा इग्निशन बदललंत तर हे आकडेही बदलू शकतात. कंपनाने पात्याचं टोक तुटलं तर इंजिन माउंटवरून उखडायला वेळ लागत नाही, म्हणून या बाबतीत 'कोणीतरी असंच उडवतो' हा पुरावा मी धरत नाही.

बसवणं. मॅग्नेटो बंद, वरचे स्पार्क प्लग बाहेर, चाकाला ठोकळे. आणि प्रोपेलर उचलायच्या आधी अल्टरनेटरचा पट्टा रिंग गिअरवर चढवलाय ना? हसू नका. हा पट्टा प्रोपेलरच्या मागे राहतो, नंतर चढवता येत नाही. सगळं टॉर्क करून, तार ओवून झाल्यावर टेबलावर पडलेला पट्टा दिसला की जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शहाणी माणसं एक जादा पट्टा क्रँककेसच्या नाकाशी बांधूनच ठेवतात.

रिंग गिअरच्या सपोर्टवर एका भोकाशी खूण असते, तीच खूण क्रँकशाफ्टच्या फ्लँजवरही असते. ती जुळवा, नाहीतर टायमिंगच्या खुणा खोटं बोलतील. फ्लँज आणि हबचं तोंड पुसून कोरडं करा, ओ-रिंग नवी आणि तेलात बुडवलेली. हबच्या मागच्या अंगाला सहा स्टड, आणि पाना फिरवायला जागा एवढीशी. सगळे स्टड थोडे थोडे, समोरासमोर आवळत न्या. एकच आवळून हब तिरका ओढू नका. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, आणि तो आट्यांना वंगण लावून आहे की कोरडा, हेही तिथेच वाचा. टॉर्क पान्याला पुढे सरळ रेषेत जोडतुकडा लावला तर पान्यावरचं वाचन कमी धरावं लागतं. पान्याची लांबी भागिले पाना आणि तुकडा यांची एकूण लांबी, या गुणोत्तराने मूळ आकडा गुणा. तुकडा काटकोनात लावला तर दुरुस्ती लागत नाही. मग ०.०३२ इंची स्टेनलेस सेफ्टी वायर, दोन दोन स्टडच्या जोडीला, घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी.

दोन्ही पात्यांची टोकं एकाच वाटेने जातात का, ते टोकाशी लाकडी ठोकळा ठेवून बघा. अर्ध्या सुतापेक्षा जास्त फरक दिसला तर थांबा. बहुतेक वेळा फ्लँजवर कचरा असतो.

बोल्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नागदेवी स्ट्रीटवर जगातला कुठलाही बोल्ट मिळतो आणि मी तिथे कानशी, ड्रिल, क्लॅम्प असं पोतंभर सामान घेतलंय. पण प्रोपेलर आणि स्पिनरवर तिथला एकही स्क्रू नाही. हिशोब करा. २७०० आरपीएमला १३ इंची डोमच्या कडेवर गुरुत्वाच्या साधारण १३४५ पट ओढ असते. १० ग्रॅमचा स्क्रू-वॉशर तिथे साडेतेरा किलोचा होतो. अर्ध्या किलोचं वजन मध्यापासून १० सेंटिमीटरवर फिरत असेल तर ते चारशे किलोंनी बाहेर खेचतं. काउंटरवेटचे बोल्ट म्हणूनच हात न लावण्याची वस्तू आहेत. ते सैल वाटले तर प्रोपेलर शॉपला जातो.

आता स्पिनर. साध्या प्रोपेलरवर डोम कापताना फक्त पात्याचा बुंधा आणि मागची धार सांभाळायची असते. इथे आत आणखी एक पाहुणा आहे, आणि तो हलतो. माझी चूक इथेच झाली होती. पाती फाइनला ठेवून मी सुंदर पुठ्ठ्याचा साचा काढला, डोम कापला, बसवला, हाताने फिरवला, कुठे काही लागेना. पहिल्या ग्राउंड रननंतर डोम उतरवला तर आत दोन चंद्रकोरी कोरलेल्या, समोरासमोर. फायबरचा पांढरा भुसा बॅकप्लेटवर (डोम बसतो त्या मागच्या तबकडीवर) पडलेला. पातं कोर्सकडे गेलं तेव्हा काउंटरवेट डोमच्या भिंतीला लागलं होतं.

कारण सोपं आहे, आधी डोक्यात आलं असतं तर. फाइनला पातं फिरण्याच्या प्रतलाला जवळजवळ समांतर असतं, तेव्हा काउंटरवेट त्याला काटकोनात, पुढे-मागे रोखलेलं असतं. त्या वेळी धोका बॅकप्लेटला किंवा पुढच्या बल्कहेडला, म्हणजे डोमला आतून आधार देणाऱ्या तबकडीला. पातं कोर्सला गेलं की काउंटरवेट प्रतलात आडवं होतं आणि बाहेरच्या अंगाला, डोमच्या भिंतीकडे सरकतं. म्हणजे दोन टोकांना दोन वेगळ्या जागा तपासायच्या, आणि मधल्या वाटेवरही वजनाचा कोपरा कमानीतून जाताना कुठे सगळ्यात बाहेर येतो ते बघायचं. म्हणून म्हटलं, आधी पातं एका स्टॉपपासून (त्याच्या वळण्याच्या एका टोकापासून) दुसऱ्या स्टॉपपर्यंत फिरवल्याशिवाय करवत नाही. हे पात्यांवर चढवायच्या लाकडी पॅडलने, दोन्ही पाती एकदम, दोन माणसांनी करायचं. एकाच पात्याच्या टोकाला धरून पिळू नका.

अंतर मोजायला मी मुलांची रंगीत क्ले वापरतो. काउंटरवेटच्या बाहेरच्या कोपऱ्यावर सुपारीएवढा गोळा चिकटवा, डोम चार क्लेकोंवर (भोकात तात्पुरते अडकवायच्या चापांवर) बसवा, पातं स्टॉप ते स्टॉप फिरवा, डोम उतरवा. गोळा जिथे दबला तिथली जाडी कॅलिपरने मोजा. आम्ही गणपतीच्या दिवसांत हाताशी होती म्हणून एकदा शाडू लावली, ती ओली माती अॅल्युमिनियमवरून पुसता पुसता दिवस गेला. तुम्ही क्लेच घ्या. दोन सूत, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर मला चालत नाही, कारण फिरताना डोम फुगतो आणि विमान वळवताना फिरत्या प्रोपेलरचा भोवऱ्यासारखा आडवा भार हबवर येतो. अंतर मिळत नसेल तर डोम मोठा घ्या. काउंटरवेट कानशीने घासून जागा करायचा विचारही मनात आणू नका. त्याचं वजन आणि आकार हाच त्याचा धंदा आहे.

डोम मधोमध बसवायला आधी बॅकप्लेट खरी फिरते का बघा. मग डोमचं नाक: समोर एक जड स्टँड, त्याला पेन्सिल, पेन्सिलीचं टोक नाकाला जेमतेम न लागेलसं. प्रोपेलर हळूहळू फिरवा. नाक डगमगत असेल तर डोम हलवून, मास्किंग टेपने धरून परत. नाक स्थिर झाल्यावरच पहिली चार भोकं, समोरासमोर. बाकीची भोकं नंतर. पुढचं बल्कहेड डोमला आतून नीट टेकत नसेल तर पातळ शिमने टेकवा. फक्त मागच्या कडेवर टांगलेला डोम भोकांपाशी तडकतो, आज ना उद्या. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडापासून बॅकप्लेट दोन सूत पुढे ठेवा. रबरी माउंट काही महिन्यांत बसतात आणि इंजिनाचं नाक खाली येतं, म्हणून नवीन असताना स्पिनर काउलिंगपेक्षा केसभर वर दिसला तरी चालेल.

पात्याचं कापणं लहान सुरू करून वाढवत न्या. साचा फाइन आणि कोर्स दोन्हीचा, एकावर एक ठेवून बाहेरची रेघ घ्या. कोपरे गोल करा, धारदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. पात्याच्या मागे डोमची जी भिंत उघडी पडते ती बंद करायला गॅप फिलर पट्ट्या लागतात. त्या नुसत्या दिसण्यासाठी नसतात, कापलेल्या डोमला त्या परत कणखर करतात. इथेही काउंटरवेटची वाट मोकळी आहे ना, क्लेने पुन्हा एकदा. फायबरमधल्या स्क्रूखाली कपबशीसारखा वॉशर ठेवा. तडा गेला तर ड्रिलने टोक थांबवून उडवायची सवय मी पाहिली आहे. स्पिनरवर ते मला मान्य नाही.

शेवटी डोम आणि बॅकप्लेटवर जुळणीची खूण करा. काढाल तितक्या वेळा त्याच जागी परत. हे तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाचं, कारण मुंबईत विमान बांधता येतं, उडवून बघायला बाहेर जावं लागतं. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते बीकेसीला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण उड्डाणाची चाचणी धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. तुमचंही विमान ट्रकवरून जाणार. स्पिनर वेगळ्या पेटीत, प्रोपेलर वेगळ्या. डोम लावून कसाऱ्याचा घाट चढवू नका.

तिथे पोचल्यावर पहिला स्टॅटिक रन, म्हणजे विमान उभं ठेवून इंजिन चालवून बघणं. तेल गरम होऊ द्या. १७०० च्या आसपास प्रोपेलरचा लिव्हर मागे घ्या, आरपीएम खाली यायला हवा, पुढे केला की परत वर. दोन-तीन वेळा, म्हणजे हबमधली हवा निघून जाईल. मग पूर्ण थ्रॉटल. २७०० पेक्षा थोडा कमी, पंचवीस-पन्नासने, हे चांगलं लक्षण. त्याहून बराच कमी असेल तर गव्हर्नर अडवतोय की पात्याचा लो पिच स्टॉप, हे ओळखायची युक्ती: पूर्ण थ्रॉटलवर लिव्हर अगदी जरासा मागे घ्या. आरपीएम लगेच पडला तर गव्हर्नर अडवत होता, त्याचा स्टॉप स्क्रू बघा. लिव्हर बराच मागे येईपर्यंत आकडा हललाच नाही तर पातं स्टॉपवर टेकलंय. तो स्टॉप प्रोपेलर शॉपने हलवायचा.

पहिल्या रननंतर डोम उतरवून आत बघायचंच. चंद्रकोर, भुसा, तेलाचा थेंब, ग्रीसची रेघ.

डायनॅमिक बॅलन्स सगळ्यात शेवटी, आणि डोमला रंग दिल्यानंतर. रंगाला वजन असतं आणि ब्रशवाल्याचा हात दोन्ही बाजूंना सारखा नसतो. इंजिनाच्या नाकाशी सेन्सर, पात्यावर चमकती पट्टी, आणि यंत्र सांगतं कुठे किती वजन घालायचं. ०.२ आयपीएसच्या (कंपनाचा वेग, इंच प्रति सेकंद) आत चालतं, ०.०७ आलं तर पेढे वाटा. वजन बॅकप्लेटवर, वॉशर आणि बोल्टने. काउंटरवेटवर कधीच नाही. आकडा एकाहून वर गेला तर वॉशर रचत बसू नका, काहीतरी चुकीचं बसलंय किंवा प्रोपेलरलाच स्टॅटिक बॅलन्स हवाय.

पावसाळ्यात गाळ्यात ठेवणार असाल तर दोन्ही पाती आडवी ठेवा, उभी नाही. खाऱ्या हवेने पात्याची पुढची धार पांढुरकी पडते, महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसा. ग्रीस भरताना समोरचं निपल काढून मगच पंप मारा आणि हलक्या हाताने, नाहीतर सील बाहेर येतं. आणि काउंटरवेट धरून नाकावर किती भार वाढला, त्याचं वजन-काट्याचं गणित नव्याने करा. आधीचं फिक्स पिचवर केलेलं असणार.